पेन्सिल

कुडचड्यात, सायकलवाल्या शेणवींच्या वरच्या खोलीत,
जिथे बापाची कानस अजून त्याच खिळ्याला लटकते,
कुष्टा वेळीप जिना चढून आले.
पिशवीत पाव, पावांखाली फडक्यात पिस्तूल.
"निवडणूक लागली. चौकीत जमा करायचंय.
त्याआधी बघून सांग, ही भरवशाची आहे का?"

पिस्तूल ते. पण कुष्टाबाब तिला 'ती' म्हणतात.
बत्तीस बोअर, स्वस्तातली,
खाण जोरात होती तेव्हा आगाऊ पगारातून घेतलेली.
दर शनिवारी कंपनीच्या जीपमधून
मजुरांची रोकड नेताना कमरेला.

जुनं हत्यार मी आधी हुंगते.
खोबरेलाचा वास आला.
"हे केसांना लावतात, कुष्टाबाब."
ते हसले. खाचांतून तेलाचा डिंक झाला होता,
टाचणीने खरवडला तर मधासारखा निघाला.

मग स्प्रिंग.
बाप म्हणायचा, चांगली स्प्रिंग वापराने दमते,
स्वस्त स्प्रिंग नुसती वाट बघूनही.
ही बारा वर्षं सात गोळ्यांखाली दबून होती.
अंगठ्याने दाबली,
आजाऱ्याने हात दाबावा तशी उलट दाबली तिने.

बापाने केलेली पोकळ काडतुसं भरली, दारू नसलेली.
पहिलं गेलं. दुसरं गेलं.
तिसरं वाटेतच नाक वर करून उभं.
मॅगझिनचे ओठ फाकलेत, कधीतरी पडली असणार.
"जीपमध्ये. एकदा. दोनदा."
हे सगळं सुधारतं, मी म्हटलं,
आणि मला खरंच तसं वाटत होतं.

शेवटी पेन्सिल.
लेकीच्या दप्तरातली, मागे रबर असलेली.
रिकाम्या नळीत रबराकडून सोडायची,
नळी छताकडे, आणि चाप ओढायचा.
आतली पिन धडधाकट असेल तर पेन्सिल उडते.
छतावर बापाच्या काळापासूनचे ठिपके आहेत,
शे-दोनशे तरी, काळे, कुणी न पुसलेले.

ओढला.
पेन्सिल तांदळाच्या दाण्याइतकी हलली.
पुन्हा ओढला.
तेवढीही नाही.

पिन काढून उजेडात धरली. टोक नव्हतं.
मोड ताजी असती तर चकाकली असती.
ही आतपर्यंत काळी.
"किती वर्षांपूर्वीची असेल?"
वीस. जास्तच.

कुष्टाबाब बोटांवर मोजू लागले,
मोजता मोजता थांबले.
रिवणच्या वळणावर फणस आडवा टाकलेला,
तीन माणसं, तीन कोयते,
मागे दोन ट्रंकांत एकशेचाळीस जणांचा पगार,
आणि ड्रायव्हर साल्वादोर स्टिअरिंगखाली शिरलेला.
ते एकटे उतरले. हिला काढलं. नुसती धरली.
तिघं काजूंच्या झाडांतून खाली पळाले,
एकाची चप्पल रस्त्यावरच राहिली.

"तेव्हा होतं का टोक?"

मला कसं कळणार?
लोखंड तारीख सांगत नाही.
मी पिन फडक्यावर ठेवली.
खाली शेणवी कुणाच्या तरी चाकाची हवा तपासत होते,
बादलीत ट्यूब बुडवून, बुडबुडे बघत.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले,
"त्यांतला एक अजून भेटतो मला.
केप्याच्या बाजारात मिरच्या विकतो.
मुठीने जास्तच घालतो, पैसे घेताना खाली बघतो.
त्याला नको सांगूस."

नवी पिन नऊशे, मी म्हटलं, परवा या.
त्यांनी पेन्सिल उचलली,
रबर बोटाने दाबून पाहिलं.
"असू दे," म्हणाले. "स्प्रिंग तेवढी बदल."

वहीत बापाने आखलेला शेवटचा रकाना आहे: चालू की बंद.
मी लिहिलं, स्प्रिंग बदलली.
रकाना तसाच सोडला.
चौकीतला हवालदार फक्त नंबर जुळवतो.

दोन पाव माझ्या टेबलावर ठेवून ते उतरले,
जिन्यात पिशवी छातीशी धरून, सावकाश,
भरलेली असल्यासारखी.